डाव्या हाताची खूण

माह्या नवऱ्याला जाळायचं ठरलं तव्हा मी चुलीपुढं बसून भाकरी थापून राहिले होते, अन् मला कोणी इचारलं सुदिक न्हाई.

ओसरीवर चुलत सासरे व्यंकटराव, धाकटा दीर परमेश्वर अन् भावकीतले दोघं-तिघं बसले होते. व्यंकटराव म्हणले, "सर्वपित्रीला बारा वर्षं भरतात. गेलेल्याची वाट बारा वर्षं बघायची, पुढं न्हाई. कणकेचा पुतळा करू, वड्याकाठी नेऊन जाळू, दहावं-तेरावं उरकू. जीव कुठं लटकला असल तर सुटल तरी."

मी तव्यावरची भाकर उलटली अन् आतूनच म्हणलं, "अन् जिता असला तर?"

मंग परमेश्वर म्हणला, "जिता असता तर बारा वर्षांत एकदा तरी आला असता न वैनी."

त्याचंबी खोटं नव्हतं. परमेश्वर वाईट माणूस न्हाई. भावासाठी त्यानंबी लई चपला झिजवल्या. पर तो बोलला अन् मला असा राग आला की भाकर करपली तरी मी उतरवली न्हाई. मेलेला कोणी बघितला न्हाई, कुठं हाड सापडलं न्हाई, अन् हे चालले कणकेला काडी लावायला. माह्या कपाळाचं कुंकू पुसायचं ते काय वर्षं मोजून?

खरं सांगायचं तर माहा राग माह्यावरच होता. कसं ते सांगते.

आमी धनगर. घर सेनगावाच्या अलीकडं माळावर, शेळ्या-मेंढरं अन् तीन एकर रान. चौऱ्याण्णव सालच्या भादव्यात पावसानं दडी मारली अन् ज्वारी गुडघ्याएवढी होऊन सुकून राहिली. तशी सुकती कोवळी ज्वारी म्हणजे मेंढराला इखच. किराळ लागली म्हणतो आमी. धनगराच्या दुधपित्या लेकरालाबी हे ठावं असतं. माह्या मालकाचा दुपारी बाभळीखाली डोळा लागला अन् कळप बांध ओलांडून ज्वारीत शिरला. घंट्याभरात एक्केचाळीस मेंढरं पाय झाडून मेली.

अख्खं गाव गोळा झालं. मालक त्या मेल्या मेंढरांच्या मधी उभे होते. मला पाचवा महिना चालू होता. मी तिथं गेले अन् सगळ्यांदेखत म्हणलं, "असला धनी असला काय अन् नसला काय."

माही जीभ अशीच हाय. माह्या मायनं लग्नातच सासूला सांगितलं होतं, पोरगी कामाला वाघीण हाय पर तोंडाची फटकळ हाय. दुसऱ्या दिवशी पहाटं मालक काठी अन् घोंगडी घेऊन गेले. मला वाटलं वड्याला गेले असतील.

सेनगावला ठाण्यात गेलो. हवालदारानं नाव इचारलं. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई, ते परमेश्वरनं सांगितलं, दगडोबा. फोटो म्हणलं तर घरात एकच, लग्नातला, अन् त्यात तोंडावर मुंडावळ्या. हवालदार फोटो उजेडाला धरून म्हणला, "बाई, ह्याच्यात मला मुंडावळ्याच दिसून राहिल्या." पुढं साहेब बदलले, वह्या बदलल्या. दुसऱ्या साहेबानं तोंडावरच सांगितलं, "सज्ञान माणूस हाय. चोरी करून पळाला न्हाई, डोक्यानं येडा न्हाई. मर्जीनं गेला. सापडला अन् येत न्हाई म्हणला तर आमी त्याला कोणत्या कायद्यानं बांधून आणावं?"

मंग मीच हुडकू लागले. कोणी म्हणायचं हिंगोलीच्या टेशनावर बघितला, कोणी म्हणायचं वसमतच्या इस्टी स्टँडवर. टेशनावर एकदा माही घोंगडी दिसली. माह्याच हातचं लाल दोऱ्याचं ठिगळ. मी धावत जाऊन ती वढली तर आतून भलताच म्हातारा निघाला. तो म्हणला, "मला वाशिमला एकानं दिली बाई. त्यालाबी कोणीतरी दिली होती." तव्हा कळलं, ह्या बिनघरच्या लोकांत कपड्यावरून माणूस हुडकायचा म्हणजे येडेपणा. पांघरूण आज ह्याच्या अंगावर, उद्या त्याच्या. दाढी वाढते. नावं तर कोणी सांगतच न्हाई.

शेवटी नरसीला जाऊ लागले. नामदेवाच्या देवळामागं, कयाधू नदीकडच्या अंगाला, बिनघरची माणसं रांगेनं बसतात. दर एकादशीला मी टोपलंभर भाकरी अन् झुणका घेऊन जायची. वाटता वाटता बघणं होईल, हा माहा हिशोब. चार वर्षं एक एकादशी चुकली न्हाई. तिथं अनुसयाबाई म्हणून एक म्हातारी होती, तीन दगडांवर काळी किटली ठेवून सगळ्यांना चहा करणारी. तिला मी लई खोदून इचारलं. ती म्हणायची, "इथं नाव इचारत न्हाईत माय. एकाला मास्तर म्हणतात, एकाला सोलापुऱ्या, एकाला मुका. मुका चांगला बोलतो."

एकदा मात्र ती चिडली. म्हणली, "दोन वर्षांखाली असेच दोघं आले, आमचा काका हाय म्हणून रडले. आमीच धरून दिला. आठ दिवसांनी काका परत इथंच, आंगठ्याला शाई लागलेली. जमीन लिहून घेतली अन् रस्त्यावर सोडून दिला. तव्हापासून आमी कोणालाच कोणाचं सांगत न्हाई. तू कशावरून खरी?"

मी भाकरी वाटून परत आले.

तर सर्वपित्रीच्या आधीची एकादशी आली. अमावस्येला चारच दिवस. परमेश्वरबी संगं आला, गुरुजींना पुतळ्याचं सांगायला. पितरपाटा चालू होता, ज्याचे-त्याचे मेलेले जेवू घालायला लोक येऊन राहिले होते, म्हणून रांग लांबली होती. मी भाकरी वाटत टोकाला गेले अन् लिंबाला बांधलेली एक शेळी दिसली.

काळी, दोनदाती, कास तटतटलेली. उजव्या कानाचा शेंडा उडवलेला अन् डाव्या कानाला मागून काप.

आमच्या घरची खूण. आजेसासऱ्यापासून चालत आलेली, ह्या मुलखात दुसऱ्या कोण्या घराची तशी न्हाई. अन् धनगराला सोताची खूण दुसऱ्याच्या दाव्याला दिसली की त्याच्या डोक्यात एकच गोष्ट येते, दुसरी येतच न्हाई. मी टोपलं टाकलं, जाऊन शेळीचा कान धरला अन् बोंबलले, "परमेश्वरा, आपली शेळी. चोर हायत हे सगळे."

परमेश्वर काठी घेऊन धावला. "कोणी आणली ही? बोला, न्हाईतर पोलीस आणतो," असं तो म्हणला अन् रांग फुटली. पोलिसाचं नाव निघालं की ही माणसं थांबत न्हाईत, चूक असो-नसो. गाठोडी उचलली, जो तो वाट फुटंल तिकडं. अनुसयाबाईची किटली लवंडली. लिंबाजवळचा एक दाढीवाला उठला, मी आत्ताच दिलेली भाकर हातात, अन् मान खाली घालून नदीकडं चालू लागला. मला पाठ दिसली. पर मी शेळीचा कान धरून होते, मला तव्हा शेळीच प्यारी.

परमेश्वर कान बघून म्हणला, "वैनी, आपल्या तर सगळ्या शेळ्या घरी हायत. काल सांजच्यालाच मी मोजून कोंडल्या."

मी कापावरून बोट फिरवलं अन् बोट तिथंच थांबलं.

परमेश्वर उजव्या हातानं कातर धरतो. त्याचा काप कानाच्या मुळाकडं उतरतो. सासऱ्याचा तसाच होता. आमच्या घरात एकच माणूस डावखुरा, अन् त्याचा काप शेंड्याकडं उतरायचा. नवी नवरी असताना करडं मांडीवर धरायला मीच बसायची. कान कापला की हळद मीच दाबायची. हा काप शेंड्याकडं उतरला होता. अन् शेळी दोनदाती. पहिले दोन मोठे दात दीड वर्षाच्या सुमाराला येतात अन् कान करडू असतानाच कापतात, म्हणजे कान कापून दीड वर्ष झालं असल-नसल.

"परमेश्वरा," मी म्हणलं, "हा तुह्या भावाचा हात हाय."

अन् मी पळाले. नदीत गुडघ्याएवढं पाणी होतं, लुगड्यासकट शिरले. पल्याड तुरीच्या रानात कोणीतरी शिरून राहिलं होतं, तुरीचे शेंडे हलत होते. मी हाक मारली, "अवो." अवो म्हणल्यावर कोण थांबल? नाव जिभेवर आलं अन् तिथंच अडकलं, कधी घेतलंच न्हाई तर निघणार कुठून. निघालं तव्हा शेंडे हलायचे थांबले होते. सांज होईपर्यंत आमी दोघांनी ती तूर पालथी घातली. माणूस गेला होता.

परत आले तव्हा अनुसयाबाई चहाची सांडलेली पत्ती फडक्यात गोळा करून राहिली होती. मी तिचे पाय धरले.

"शेळीवाला," ती म्हणली. "दोन वर्षं झाली इथं. लंगडं करडू एका कळपानं वाटंत टाकून दिलेलं, ते त्यानं वाढवलं. कान काहून कापला इचारलं तर म्हणला, हाताची सवय. कधी कोणाची काडी उचलली न्हाई त्यानं. अन् तू चोर म्हणलीस."

दुसऱ्यांदा. एकदा मेल्या मेंढरांत, एकदा इथं. माहीच जीभ.

परमेश्वर म्हणला, "वैनी, घरी चला. मी व्यंकटकाकाला सांगतो."

"काय सांगशील? कान सांगशील?"

"पर मानतील का ते? तो दिसल्याबिगर पुतळा थांबायचा न्हाई. अमावस्येला दुपारी बाराला काडी लावायची, भावकीला निरोप गेले."

"तू जा," मी म्हणलं. "पोरीला सांभाळ. मी शेळीपाशी बसते." माहा एकच इचार होता. धनगर घर सोडल, बायको सोडल, पर तटतटल्या कासंची शेळी सोडून राहणार न्हाई.

चार दिवस बसले. अनुसयाबाई पहिल्या दिवशी बोलली न्हाई, दुसऱ्या दिवशी चहा दिला. शेळी मला दोन धारा काढू द्यायची अन् लाथ मारायची. मी नदीकडं बघत बसायची, मान आखडली की रस्त्याकडं. पांढरी दाढी दिसली की मी उठून उभी राहायची अन् जवळ आल्यावर तो मास्तर निघायचा, न्हाईतर मुका. रोज एक दिवस कमी. त्रयोदशीपर्यंत माहं लुगडं चिखलानं कडक झालं होतं अन् केसांत फणी न्हाई.

चतुर्दशीला आमच्या गावचा गोपीचंद आला. किराणा दुकानवाला, शेजारच्या आळीतला, माह्या हातचा चहा शंभरदा पिलेला. बापाच्या नावानं अन्नदान करायला आला होता. रांगेत एकेकाच्या हातावर पत्रावळ ठेवत आला, माह्या हातावर ठेवली, "घ्या मावशी" म्हणला अन् पुढं गेला. मी तोंड वर करून त्याच्याकडं बघून राहिले होते. त्यानं माहे हात बघितले. हात बघून पत्रावळ ठेवली.

चारच दिवसांत मी गोपीचंदाला दिसायची बंद झाले. हाक मारावी वाटलं अन् लाज वाटली, काय म्हणून मारू. मंग मला धडकीच भरली. मीबी चार वर्षं अशाच भाकरी वाटल्या होत्या. पुढं आलेला हात बघायची, भाकर ठेवायची, अन् डोळे फिरवून लग्नातला पोरसवदा चेहरा हुडकायची. जेवण गेलं न्हाई. पुऱ्या पदरात बांधून ठेवल्या.

अमावस्येला दिवस उगवून वर आला तरी कोणी न्हाई. घरी आता कणीक मळली असल. सेनगावकडं जाणाऱ्या जीपा भोंगे वाजवून राहिल्या होत्या. मी गुडघ्यात डोकं घातलं. तव्हा शेळी उभी राहिली अन् वेगळ्याच आवाजात वरडली.

ते नदीतून आले. दाढी छातीपर्यंत, अंगावर कोणाचा तरी शाळेतला खाकी शर्ट. माह्याकडं बघितलं अन् शेळीपाशी जाऊन उकिडवे बसले. डाव्या हातानं कास चाचपली. "निम्मंच काढलंय," म्हणले. "अशानं कास सुजल."

बारा वर्षांनी पहिलं बोलणं हे.

माह्या तोंडात बारा वर्षांचं साठलेलं होतं. शिव्या होत्या, रडणं होतं, सगळं. मी दात दाबून बसले. एवढंच म्हणलं, "घरी आज तुमचा कणकेचा पुतळा जाळून राहिले. बाराच्या आत पोचाया पायजे."

धार काढत ते म्हणले, "जाळू दे. पितरपाट्यात लोकांच्या मेलेल्यांचं खातोच की मी. आता सोताचंबी खाईन."

"मी चार वर्षं हितं येऊन राहिले तुमच्यासाठी."

"म्हाईत हाय. दोन वर्षं तुह्याच हातच्या भाकरी खाल्ल्या. दर एकादशीला." दुधाची धार थांबली न्हाई. "पहिल्या वेळी मला वाटलं, आता वळखल. मी हात तसाच धरून ठिवला होता. तू भाकर ठिवली अन् पुढं गेलीस. मंग मी म्हणलं, बरं हाय. असला काय अन् नसला काय."

माहंच बोलणं त्यांनी माह्या पदरात टाकलं, अन् रागानंबी न्हाई. मला रडू फुटलं. मी म्हणलं, "चुकलं माहं. तव्हाबी अन् परवाबी."

त्यांनी शेवटची धार काढली. मंग इचारलं, "काय झालं होतं? पोरगी का पोरगं?"

"पोरगी. सुकन्या. सहावीत हाय."

त्यांनी मान हलवली. दूध अनुसयाबाईच्या किटलीत वतलं. मी म्हणलं, "चला." ते उभे राहिले, दोन पावलं टाकली अन् परत शेळीपाशी येऊन बसले. "गावात कळपाचं कोणी इचारलं तर माह्याच्यानं उभं राहवणार न्हाई," म्हणले. "नको वढू मला."

अनुसयाबाई माह्याकडं बघून राहिली होती, मी काय करते ते. मला तो आंगठा अन् शाई आठवली. मी त्यांचा हात धरला होता तो सोडला.

तव्हा त्यांनी शेळीचं दावं सोडलं अन् माह्या हातात दिलं. "ही घेऊन जा. व्यंकटकाकाला कान दाखव. कापणारा जिता हाय म्हणावं."

जीपवाला शेळी घ्यायला तयार नव्हता. मी त्याला काय बोलले ते हितं सांगत न्हाई, पर त्यानं घेतली. वड्याला पोचले तव्हा लाकडं रचलेली, वर कणकेचा पुतळा, पांढऱ्या फडक्यात, डोक्याला छोटा फेटा सुदिक. परमेश्वरच्या हातात जळता पलिता. मला लांबूनच बघून त्यानं तो खाली केला.

"कान बघा मामाजी," मी व्यंकटरावांना म्हणलं. "मंग दात बघा."

व्यंकटरावांना आता कमी दिसतं. त्यांनी डोळे मिटले अन् कापावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मंग शेळीचं तोंड उघडून दात चाचपले. शेवटी ते म्हणले, "हा दगड्याचा हात हाय. अन् दीड वर्षाचा काप हाय." परमेश्वरला म्हणले, "इझव ते. जित्या माणसाला जाळत असतात का?"

परमेश्वर तिथंच खाली बसून रडला. तेवढ्यात शेळीनं पुतळ्याचं डोकं खाल्लं, फेट्यासकट. कोणी तिला हाकललं न्हाई.

पुढच्या एकादशीला मी भाकरी घेऊन गेले. सुकन्या म्हणली मीबी येते. मी म्हणलं, थांब थोडी, मी आधी इचारून येते. रांगेत आता मी सावकाश चालते. पहिला मास्तर, त्याच्या डाव्या डोळ्यात फूल हाय. दुसरा सोलापुऱ्या, हसला की वरचे दोन दात न्हाईत. चौथ्या जागी ते बसले होते, डावा हात पुढं. मी हातावर भाकर ठेवली न्हाई. समोर बसले अन् तोंडाकडं बघितलं.

"झुणका जरा तिखट झालाय," मी म्हणलं.

"चालतंय," ते म्हणले, अन् माह्यासाठी सरकून जागा केली.